रकाना क्रमांक चार

रुवीच्या मागच्या गल्लीत, जिथून बसथांबा आधीच उठलाय,
एकतीस झाडं.
माझ्याकडे पिवळा स्प्रे, टेप आणि तक्ता:
क्रमांक, घेर, उंची, जात.
शेरा आधीच छापून आलेला, काढणे.

तीस झाडं दहाच्या आत उरकली.
बहुतेक दमास. त्यांची मुळं गटारं फोडतात,
त्यांच्यासाठी कुणी भांडायला येत नाही.
मीही भांडले नाही.

एकतिसावं लॉन्ड्रीसमोर.
घेर दोन मीटर दहा.
बुंध्यात खिळा, खिळ्याला आरसा,
आरशाखाली कंगवा, कुणी पळवू नये म्हणून दोरीनं बांधलेला.
दुपारी या सावलीत सात टॅक्सी मावतात,
आठवी आली तर तिचं बॉनेट उन्हात.

हे कुठलं झाड, मी उगाच विचारलं.
किराणावाला बीरान कोया म्हणाला, आर्यवेप्प.
इस्त्री न थांबवता मल्लय्या म्हणाला, वेप.
जेसीबीवरचा बख्त झमीन म्हणाला, नीम, और क्या.
समोरच्या बैठ्या घरातली शम्सा दारात आली,
काठी आपटून म्हणाली, शरीश.
पुढचं अरबी मला अर्धंच कळलं:
नगरपालिकेची नळी नंतर आली,
त्याआधी अकरा वर्षं याला
माझ्या पोरांच्या कपड्यांचं पाणी.

मला कुणी विचारलं नाही.
मला माहीत होतंच की.
दर पाडव्याला अंधार असतानाच आम्ही इथं येतो
कापडी पिशवी घेऊन, चोरासारखे.
मागच्या वर्षी शेट्येवहिनी बॉनेटवर चढल्या,
गाऊनवर ओढणी घेऊन,
आणि मी खालून सांगत होते,
कोवळी घ्या, फुलासकट घ्या.
बाल्कनीत काठी लावायला इमारतीची मनाई,
म्हणून आमची गुढी दिवाणखान्यात,
पंखा बंद करून.

रकाना चारमध्ये पर्यायही चारच:
घाफ, सिदर, खजूर, इतर.
'इतर' दुपारपर्यंत पाडता येतं.
घाफला वरून पत्र लागतं.

मी घाफ लिहिलं.
नोकरीत पहिल्यांदा न मोजलेलं काही लिहिलं
आणि अक्षर इतकं छान आलं.

बासष्ट दिवस.
भोवतीनं खणत गेले, रस्ता वळसा घालून गेला,
ते मधोमध, मातीच्या चौथऱ्यावर,
परक्या लग्नात कुणी नातं न विचारल्यामुळं
पहिल्याच पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखं.
त्यानं मोहोर धरला. लिंबोळ्या टाकल्या.
घाफला लिंबोळ्या येत नाहीत
हे त्याला कोण सांगणार.

मग एक तरुण साहेब आला, सुवैद नावाचा,
बुटाला चिकटलेली लिंबोळी निरखत.
रागावला नाही. पेन पुढं केलं.
आमच्या आजीच्या अंगणात आहे हे, म्हणाला,
आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं.
मी घाफ खोडलं.
इतर लिहिलं.

सोमवारी सहाला बख्त झमीननं आधी आरसा काढला,
फडक्यात गुंडाळून केबिनमध्ये ठेवला.
कंगवा राहिला.
वीस मिनिटं लागली. मोजणं माझं काम आहे.

आता तिथं राखी फरशी, अगदी समतल,
आणि एक स्टीलचं बाकडं
ज्यावर दिवसा कुणाला बसता येत नाही.

शम्सा अजून संध्याकाळी बादली घेऊन येते.
तिथंच ओतते.
पाणी जरा वेळ घुटमळतं,
मग उतार शोधत लॉन्ड्रीच्या पायरीपर्यंत येतं.
मल्लय्या काही बोलत नाही.
इस्त्री उभी करून ठेवतो,
वाकतो,
चपला उचलून आत घेतो.